नुसते 'बर्गंडी' लिहू नका, कोणती ते लिहा : लेखक, अनुवादक आणि संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठीत युरोपचा इतिहास लिहिणारे लेखक आणि अनुवादक, कोशांचे व पाठ्यपुस्तकांचे संपादक, आणि वाइनविषयी लिहिणारी मंडळी

सप्रेम नमस्कार.

मराठी मजकुरात 'बर्गंडी' हे नाव आले की खाली तळटीप ठरलेली असते : 'फ्रान्सच्या पूर्वेकडील एक प्रांत'. ही टीप चुकीची नाही, पण ती ज्या वाक्याखाली येते त्या वाक्याला बऱ्याचदा लागूच पडत नाही. या एका नावाने इतिहासात निरनिराळी राज्ये, एक डची (ड्यूक या बड्या सरदाराचा मुलूख), एक काउंटी (काउंट या सरदाराचा मुलूख), एक राजकीय गट, स्पेन-पोर्तुगालमधली दोन राजघराणी, हॅब्सबर्ग या ऑस्ट्रियन राजघराण्याच्या साम्राज्याचा एक विभाग, फ्रान्सचा एक प्रांत आणि वाइनचे एक अधिकृत नाव ओळखले जाते. आपल्याकडे तर केसांच्या मेंदीच्या पुडीवरही हे नाव असते. यातली कोणती बर्गंडी, हे लेखकाने सांगितले नाही तर वाचकाला कळायला दुसरा मार्ग नाही. म्हणून हे पत्र. आमचे मागणे एवढेच, की हे नाव एकटे सोडू नये.

घोळाचे मूळ सोन नदीत आहे. (बिहारमधली सोन नव्हे, ही फ्रान्समधली, ल्यों शहरापाशी ऱ्होनला मिळणारी.) इ. स. ८४३च्या व्हर्दंच्या तहात शार्लमेनच्या नातवांनी साम्राज्य वाटून घेतले, तेव्हा जुन्या बर्गंडी राज्याची (बुर्गुंड या जर्मानिक टोळीने स्थापलेल्या, पुढे फ्रँकांनी जिंकलेल्या) फाळणी ढोबळमानाने या नदीवर झाली. पश्चिमेचा भाग पश्चिम फ्रँक राजाकडे, म्हणजे पुढच्या फ्रान्सकडे गेला आणि तिथे बर्गंडीची डची उभी राहिली. तिची राजधानी दिजों. पूर्वेचा भाग लोथार या नातवाकडे गेला. तिथे ८८८मध्ये रुडॉल्फने स्वतंत्र राज्य स्थापले, ते दक्षिणेकडच्या प्रोव्हान्सशी जोडले गेले, आणि शेवटचा राजा १०३२मध्ये निपुत्रिक वारल्यावर सारेच पवित्र रोमन सम्राटाकडे, म्हणजे मुख्यतः जर्मन प्रदेशांवर राज्य करणाऱ्या सम्राटाकडे, गेले. याच पूर्वभागात बर्गंडीची काउंटी होती. तिलाच पुढे फ्राँश-कोंते, म्हणजे 'मुक्त काउंटी', हे नाव पडले. चौदाव्या लुईने ती जिंकली आणि १६७८च्या नाइमेखेन तहात फ्रान्सला तिची कायमची मालकी मिळाली. म्हणजे सहाशेहून अधिक वर्षे नदीच्या एका काठावरची बर्गंडी फ्रान्सच्या राजाची मांडलिक होती आणि दुसऱ्या काठावरची सम्राटाची. मधल्या काळात दोन्ही एकाच माणसाच्या हाती आल्या, तरी कागदोपत्री दोन धनी कायम राहिले. 'बर्गंडी फ्रान्सचा भाग होता' हे वाक्य म्हणूनच काठ सांगितल्याशिवाय लिहिता येत नाही.

याचा फटका कुठे बसतो, ते फ्रान्सच्या राण्यांच्या यादीत दिसते. जान द बुर्गॉन्य नावाच्या दोन राण्या आहेत आणि दोघी जवळपास एकाच काळातल्या. एक फिलिप पाचव्याची राणी, मृत्यू १३३०. ती बर्गंडीच्या काउंटची, ओतो चौथ्याची मुलगी. दुसरी फिलिप सहाव्याची राणी, मृत्यू १३४९. ती बर्गंडीच्या ड्यूकची, रॉबेर दुसऱ्याची मुलगी. नावाची सूची करताना या दोघी हमखास एकाच नोंदीत जातात आणि मग एकाच बाईची दोन राजांशी लग्ने होतात. १३१४च्या नेल मनोऱ्याच्या प्रकरणात तर तीन राजसुना अडकल्या आणि तिघींच्या नावापुढे 'बर्गंडीची' हेच आहे. त्यांतली मार्गरीत ड्यूकची मुलगी. जान आणि ब्लाँश या सख्ख्या बहिणी काउंटच्या. मार्गरीत आणि ब्लाँश व्यभिचारात दोषी ठरल्या, जान निर्दोष सुटली. तिघींना बहिणी म्हणणारा मजकूर वाचला की समजावे, लेखकाने वडील तपासलेले नाहीत. उपाय सोपा आहे : व्यक्तीच्या नावात बर्गंडी आले की आधी बाप शोधावा, आणि पहिल्या उल्लेखात कंस करून 'डची' किंवा 'काउंटी' एवढा एक शब्द टाकावा. सूचीतही तो ठेवावा.

गोव्यात पोर्तुगीज इतिहास लिहिणाऱ्यांना हीच अडचण वेगळ्या वेशात भेटते. पोर्तुगालचे पहिले राजघराणे बोर्गोन्या, म्हणजे बर्गंडी घराणे. शेजारच्या लिऑन-कॅस्टिलच्या एका घराण्यालाही बर्गंडीचेच नाव आहे. दोन्हींची सुरुवात दोन जावयांपासून होते. लिऑन-कॅस्टिलचा राजा सहावा अल्फोन्सो याच्या एका मुलीचा नवरा हेन्री; हा डचीच्या घराण्यातला, ड्यूक पहिल्या रॉबेरचा नातू. त्याचा मुलगा अफोन्सो हेन्रिकेश पोर्तुगालचा पहिला राजा झाला आणि ही शाखा १३८३पर्यंत चालली. दुसऱ्या मुलीचा, उर्राकाचा, नवरा रेमंड. हा काउंटीचा, काउंट पहिल्या विल्यमचा मुलगा. तेव्हा 'दोन्हीकडे एकच बर्गंडी घराणे राज्य करीत होते' असे लिहिणे चूक. आणि १५१०मध्ये गोवा घेतला तेव्हा पोर्तुगालच्या गादीवर आव्हिश घराण्याचा मनुएल होता. बोर्गोन्या घराणे त्याच्या सव्वाशे वर्षे आधीच संपले होते.

आता सर्वांत अवघड काळ, १३६३ ते १४७७. फ्रान्सचा राजा जाँ दुसरा याने १३६३मध्ये मोकळी झालेली डची आपला धाकटा मुलगा फिलिप याला दिली. फिलिपने १३६९मध्ये फ्लँडर्सच्या वारस मुलीशी लग्न केले, आणि सासरा १३८४मध्ये वारल्यावर फ्लँडर्स, आर्त्वा आणि बर्गंडीची काउंटी त्याच्या घरात आली. नातू फिलिप द गुड याने त्यात ब्राबाँट, हॉलंड, एनो आणि लक्झेंबर्ग जोडले. जे तयार झाले त्याला नाव 'बर्गंडीच्या ड्यूकचे राज्य', पण पैसा, शहरे, दरबार आणि कारागीर बहुतांशी उत्तरेला, आजच्या बेल्जियम-नेदरलँड्समध्ये. ब्रुज, ब्रसेल्स आणि लील इथे दरबार भरे. चित्रकार यान व्हान आयक फिलिप द गुडच्या पदरी होता, राहायला ब्रुजमध्ये. 'बर्गंडी शैलीचे' म्हणून ओळखले जाणारे संगीतकार द्युफे आणि बँश्वा हेही उत्तरेकडचेच. म्हणून या काळातल्या 'बर्गंडीची कला', 'बर्गंडीचे संगीत' या शब्दांचा अर्थ 'बर्गंडीच्या ड्यूकच्या दरबारातली कला' असा घ्यावा आणि तसाच लिहावा. नाहीतर वाचक दिजोंच्या द्राक्षमळ्यांत व्हान आयकचे घर शोधत बसेल. अपवाद शिल्पकार क्लाउस स्ल्यूटरचा. त्याचे काम खरोखरच दिजोंजवळच्या शाँमोल मठात झाले.

ही राज्ये नकाशावर दोन तुकड्यांत होती : दक्षिणेला दोन बर्गंडी, उत्तरेला नेदरलँड्सचे प्रदेश, आणि मध्ये लोरेन. शेवटचा ड्यूक चार्ल्स याची सारी धडपड हे दोन तुकडे सांधण्याची होती आणि तो ५ जानेवारी १४७७ रोजी लोरेनच्या राजधानीपाशी, नाँसीच्या लढाईत मारला गेला. त्याचे राज्य एकाच रंगाच्या सलग पट्ट्यात दाखवणारा नकाशा ही गोष्टच पुसून टाकतो आणि मग चार्ल्स नाँसीला कशासाठी गेला होता, हे विद्यार्थ्याला कळत नाही. नकाशा काढणाऱ्यांनी दोन तुकडे वेगळे दाखवावेत, फ्रान्सचे राज्य आणि पवित्र रोमन साम्राज्य यांची सीमा त्यांच्यावरून तुटक रेघेने न्यावी, आणि नकाशाचे शीर्षक 'बर्गंडी' न देता 'बर्गंडीच्या ड्यूकच्या ताब्यातील प्रदेश, १४७७' असे द्यावे. 'बर्गंडीचे साम्राज्य' किंवा 'बर्गंडीचा राजा' असे तर या काळाबद्दल लिहूच नये. फिलिप, त्याचा मुलगा जाँ, नातू फिलिप द गुड आणि पणतू चार्ल्स या चौघा ड्यूकांपैकी एकालाही राजपद मिळाले नाही.

त्यांच्या बिरुदांबद्दलही एक सांगायला हवे. इंग्रजीतून भाषांतर करताना फिलिप 'द बोल्ड' आणि चार्ल्स 'द बोल्ड' असे दोघे एकाच बिरुदाचे दिसतात. फ्रेंचमध्ये पणजोबा 'हार्दी', म्हणजे धाडसी. पणतू 'तेमेरेर', म्हणजे अविचारी, आगाऊ धाडस करणारा. एका शब्दात शाबासकी आहे, दुसऱ्यात ठपका. मराठीत 'धाडसी फिलिप' आणि 'अविचारी चार्ल्स' असे लिहिले तर हा फरक आपसूक राहतो.

याच काळात बर्गंडी हे एका गटाचे नाव झाले. १४०७मध्ये ड्यूक जाँच्या माणसांनी राजाच्या भावाचा, ऑर्लेआँच्या ड्यूकचा, पॅरिसमध्ये खून केला. १४१९मध्ये मोंतरोच्या पुलावर जाँचाही खून झाला. या यादवीत ऑर्लेआँची बाजू 'आर्मान्याक' आणि ड्यूक जाँची 'बुर्गिन्यों'. दोन्ही प्रदेशांची नावे, पण अर्थ पक्षाचा. पॅरिसचा खाटीक 'बुर्गिन्यों' असू शकत होता, त्याने बर्गंडीची माती कधी पाहिली नसली तरी. जोन ऑफ आर्कच्या मराठी चरित्रांतून 'बर्गंडीच्या लोकांनी तिला पकडून इंग्रजांना विकले' असे वाक्य आले की वाचकाला वाटते, शेजारच्या प्रांतातल्या रहिवाशांनी दगा दिला. ती २३ मे १४३० रोजी पकडली गेली कोंपिएन्यला, म्हणजे पॅरिसच्या उत्तरेला, बर्गंडीपासून फार लांब. पकडणारे होते लक्झेंबर्गच्या जाँचे शिपाई, आणि तो बर्गंडीच्या ड्यूकचा सरदार होता. इंग्रजांनी तिच्यासाठी दहा हजार लिव्र मोजले. नीट वाक्य असे होईल : 'कोंपिएन्यला बर्गंडीच्या ड्यूकच्या पक्षाच्या सैनिकांनी तिला पकडले.' दोन शब्द वाढतात, पण एका प्रांतावरचा खोटा आळ जातो.

१४७७नंतर नाव आणि जमीन यांची ताटातूट झाली. डची अकराव्या लुईने घेतली. चार्ल्सची मुलगी मेरी हिचे त्याच वर्षी हॅब्सबर्ग मॅक्सिमिलियनशी लग्न झाले. तिच्याबरोबर नेदरलँड्स हॅब्सबर्गांकडे गेले, आणि १४९३च्या सेनलिस तहात काउंटीही त्यांच्या घराण्याला मिळाली. 'बर्गंडीचा ड्यूक' ही पदवी मात्र त्यांनी सोडली नाही. मेरीचा नातू सम्राट पाचवा चार्ल्स १५००मध्ये गेंटला जन्मला आणि स्वतःला बर्गंडीचा म्हणवत असे. १५२६मध्ये कैदेतल्या फ्रान्सच्या राजाकडून त्याने डची लिहूनही घेतली, पण सुटल्यावर राजाने शब्द फिरवला आणि १५२९च्या कांब्रेच्या तहात चार्ल्सला आग्रह सोडावा लागला. साम्राज्याचा 'बर्गंडी विभाग' १५१२मध्ये स्थापन झाला, त्यात मुख्यतः नेदरलँड्सचे प्रांत. उलट, चौदाव्या लुईच्या थोरल्या नातवाला (१६८२–१७१२) 'बुर्गॉन्यचा ड्यूक' म्हणत, पण त्याची तिथे सत्ता नव्हती. ती मानाची पदवी होती. १४७७ ते १७८९ या काळातला 'ड्यूक' दिसला की तो हॅब्सबर्ग की फ्रान्सच्या राजघराण्यातला, हे आधी पाहावे.

आजच्या फ्रान्सबद्दल थोडक्यात. १७९०मध्ये प्रांत मोडून जिल्हे केले गेले. विसाव्या शतकात 'बुर्गॉन्य' नावाचा प्रशासकीय विभाग झाला तो कोत-दॉर, सोन-ए-ल्वार, योन आणि निएव्र या चार जिल्ह्यांचा. त्यातला निएव्र हा मुळात निव्हर्ने नावाचा वेगळा प्रांत होता, आणि जुन्या प्रांतात असलेला ब्रेसचा मुलूख आज एँ जिल्ह्यात, दुसऱ्याच विभागात आहे. १ जानेवारी २०१६पासून हा विभाग पूर्वेच्या शेजाऱ्याशी जोडून आठ जिल्ह्यांचा 'बुर्गॉन्य-फ्राँश-कोंते' झाला. राज्यपालासारखा जो प्रीफेक्ट, त्याचे कार्यालय दिजोंला, आणि विभागीय परिषदेची सभा बेझाँसोंला. म्हणजे ८४३ साली नदीवर तुटलेल्या दोन बर्गंडी पुन्हा एका नावाखाली आल्या, पण दोन्ही नावे जपून. तेव्हा आजच्या विभागाची सीमा घेऊन मध्ययुगाचा नकाशा रंगवू नये, आणि २०१६नंतरच्या बातमीत नुसते 'बुर्गॉन्य विभाग' लिहू नये.

वाइनवाल्यांसाठी नियम वेगळा आहे, कारण तिथे नाव कायद्याने बांधलेले आहे. बाटलीवर 'बुर्गॉन्य' एवढेच असेल तर द्राक्षे त्या वाइन-क्षेत्रात कुठूनही आलेली असू शकतात. गावाचे नाव असेल तर त्या गावच्या शिवारातली. त्यावर निवडक मळ्यांचा 'प्रमिए क्रू' हा दर्जा आणि सर्वांत वर 'ग्रां क्रू', असे ३३ ग्रां क्रू आहेत. लाल वाइन मुख्यतः पिनो न्वारची, पांढरी शार्दोनेची. १३९५मध्ये धाडसी फिलिपने गामे या भरघोस पिकणाऱ्या जातीवर हुकूम काढून बंदी घातली होती, त्याचा परिणाम आजवर टिकला आहे. एक सापळा लक्षात ठेवण्यासारखा : पुई-फ्युमे आणि पुई-फ्युइसे. पुई-फ्युमे निएव्र जिल्ह्यातली, म्हणजे प्रशासकीयदृष्ट्या बुर्गॉन्य-फ्राँश-कोंतेमधली. पण ती सोव्हिन्यों ब्लाँची, ल्वार नदीच्या खोऱ्यातली वाइन म्हणून गणली जाते. पुई-फ्युइसे माकोंजवळची, शार्दोनेची, ती बुर्गॉन्य. जिल्ह्यावरून वाइनचे गोत्र ठरवले की चूक झालीच. आणि दुसरे कुठलेही लाल पेय 'बर्गंडी' म्हणून छापू नये. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळाल्याचा आपल्याला आनंद आहे, तर दुसऱ्याच्या मानांकनाचाही तेवढाच मान राखायला हवा.

रंगाला मात्र हात लावू नका. बरगंडी मेंदी, बरगंडी शालू हे शब्द दुकानात रुळलेले आहेत आणि तिथे कुणाचा गोंधळ होत नाही. फक्त त्या रंगावरून 'बर्गंडी म्हणजे लाल वाइनचा प्रदेश' असे अनुमान काढू नये. तिथे पांढरी वाइन लालपेक्षा जास्त होते, आणि फ्रेंच माणूस त्या रंगाला 'बोर्दो' म्हणतो.

आता नाव कसे लिहावे. आमची सूचना अशी : प्राचीन टोळीच्या लोकांना 'बुर्गुंड', इतिहासातल्या राज्यांना, डचीला, काउंटीला आणि ड्यूकना 'बर्गंडी', आणि १७९०नंतरचा विभाग, वाइन व फ्रेंच व्यक्तिनामे यांना 'बुर्गॉन्य'. सगळीकडे फ्रेंच उच्चार वापरावा असे काहींचे मत आहे. आम्हाला ते पटत नाही. बुर्गुंडांचे पहिले राज्य ऱ्हाइनकाठी होते, नंतरचे साम्राज्यात होते, आणि ड्यूकची बरीचशी प्रजा डच बोलत होती. लॅटिन, जर्मन आणि डच तिन्हींत या नावात 'न्द' आहे. 'बर्गंडी' हे रूप इंग्रजीतून आले असले तरी त्या सामाईक नावाच्या जवळचे आहे. 'बुर्गॉन्य' लिहिताना शेवटचा 'न्य' 'धान्य'मधल्यासारखाच, फक्त त्यातला 'अ' उच्चारायचा नाही. 'बरगंडी' की 'बर्गंडी', यावर वेळ घालवू नये. एका पुस्तकात एकच ठेवावे.

नावाचा अर्थ देताना 'बुर्ग म्हणजे किल्ला, म्हणून किल्ल्यात राहणारे' ही व्युत्पत्ती दिली जाते. पाचव्या शतकातल्या ओरोसियसनेही तशीच दिली आहे. ती मागे ठेवावी. भाषाशास्त्रज्ञ हे नाव 'उंच' या अर्थाच्या जुन्या धातूकडे नेतात. बुर्गुंड म्हणजे उंचावरचे, थोर. आपल्या 'बृहत्' शब्दाचे मूळ तेच आहे. संस्कृतातला 'ऋ' तिकडे 'उर' झाला, 'ह'च्या जागी 'ग' राहिला, आणि 'बृहन्तम्' या रूपात दिसणारा 'न्त' तिकडे 'न्द' म्हणून आहे. ('बृहन्मुंबई'तला 'न' पुरावा म्हणून देऊ नये, तो संधीचा आहे.) 'दुर्ग' आणि 'बुर्ग' यांचा मात्र संबंध नाही; 'दुर्ग' म्हणजे जिथे जाणे कठीण, तो शब्द 'दुर्' आणि 'गम्' यांचा.

प्रत्यक्ष काम करताना क्रम असा ठेवावा. मूळ मजकुरात नाव आले की आधी साल पाहावे. ८४३च्या आधीचे असेल तर ते बुर्गुंड लोक किंवा त्यांचे राज्य : ऱ्हाइनकाठी ४१३पासून, हूणांच्या हातून ४३६-३७मध्ये उद्ध्वस्त, ४४३मध्ये सापौदियात, म्हणजे सव्हॉयच्या बाजूला, पुनर्वसन, आणि ५३४मध्ये फ्रँकांच्या ताब्यात. नंतरचे असेल तर नदीचा काठ, आणि त्यावर धनी राजा की सम्राट. मग जमीन, घराणे, पक्ष की दरबार, यांपैकी कशाबद्दल वाक्य आहे ते. इंग्रजी मूळ याबाबतीत फारशी मदत करत नाही. जर्मन ग्रंथ हाती असेल तर 'हेर्त्सोगटुम' म्हणजे डची आणि 'फ्रायग्राफशाफ्ट' म्हणजे काउंटी, तिथे शंका उरत नाही. संगणकावर 'शोधा आणि बदला' करून सगळ्या 'बर्गंडी'ची 'बुर्गॉन्य' कधीही करू नये. त्यात पाचव्या शतकातले बुर्गुंडही फ्रेंच होऊन बसतात. कोशकारांनी 'बर्गंडी' या शीर्षकाखाली एकच लेख न ठेवता आधी निःसंदिग्धीकरणाचे पान ठेवावे आणि तिथून राज्य, डची, काउंटी, ड्यूकचे प्रदेश, विभाग आणि वाइन अशा वेगळ्या नोंदींकडे वाट द्यावी. पाठ्यपुस्तकात एवढी जागा नसते. तिथे तळटीप बदलली तरी चालेल : 'बर्गंडीची डची – सोन नदीच्या पश्चिमेला, फ्रान्सच्या राजाची मांडलिक, राजधानी दिजों.'

आपले,
युरोपीय इतिहासाचे काही अभ्यासक व अनुवादक